आईच्या फाईलमधला 84 हा आकडा

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"डॉक्टर, माझी आई 61 वर्षांची आहे. उंची पाच फूट, वजन 94 किलो. घोरते इतकी की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. पित्ताशयात खडे झालेत, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. अकरा वर्षांपूर्वी पूर्ण भूल देऊन तिची गर्भपिशवी काढली होती. परवा कागद शोधताना त्या वेळच्या फाईलमध्ये भूलतज्ज्ञांच्या अक्षरातली एक चिठ्ठी सापडली. 'भूल देताना सॅच्युरेशन 84पर्यंत उतरलं, मास्कने ऑक्सिजन देऊन वर आणलं, नळी दुसऱ्या प्रयत्नात गेली.' आम्हाला तेव्हा कुणी काहीच बोललं नव्हतं. वाचून माझे हातपाय गार पडले. त्या डॉक्टरांची चूक झाली होती का? नवीन डॉक्टरांना हे सांगू का? मिस्टर म्हणतात, जुनं उकरू नकोस, घाबरून पुण्याला पाठवतील. दुसरं म्हणजे, आईला तो तोंडावरचा मास्क अजिबात सोसत नाही. जीव गुदमरतो म्हणते, मागच्या वेळी तिने हाताने ढकलला होता. आधी झोपेचं इंजेक्शन देऊन मग मास्क लावला तर नाही का चालणार? की कमरेत इंजेक्शन देऊनच ऑपरेशन करावं? – एक लेक, सातारा जिल्हा"

ताई,

आधी त्या चिठ्ठीबद्दल. ती जपून ठेवा आणि तिच्या दोन झेरॉक्स काढा. आईच्या सगळ्या रिपोर्टांमध्ये, अगदी ईसीजी-इकोपेक्षाही, नवीन भूलतज्ज्ञाच्या सर्वांत जास्त कामाचा कागद तोच आहे. मी गेली तीस-बत्तीस वर्षं भूल देते आहे. पेशंटकडून अशी चिठ्ठी हातात पडण्याचा योग फार थोड्या वेळा आला आणि दर वेळी ती लिहिणाऱ्याचे मी मनोमन आभार मानले. ज्या डॉक्टरने स्वतःच्या हातून आकडा 84ला गेल्याचं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, त्याने तुमच्या आईची अकरा वर्षांनंतरचीही काळजी घेतली. तुम्हाला तोंडी सांगितलं नाही, ही मात्र उणीव राहिली. ते सांगायलाच हवं होतं.

आता 84 म्हणजे नेमकं काय झालं असेल ते सांगते. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ऑक्सिमीटरवर दिसते ती. कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि 94च्या खाली गेलं की धावपळ, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणून तुमचे हातपाय गार पडले. पण तिथे फुफ्फुसंच आजारी होती आणि आकडा तासन् तास, दिवसेंदिवस खाली राहायचा. इथे फुफ्फुसं ठणठणीत होती, श्वास मात्र मिनिट-दोन मिनिटं थांबलेला होता. हा श्वास आम्हीच थांबवतो, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. झोपेत माणूस श्वास घेतो, पूर्ण भुलीत बहुतेक वेळा घेत नाही. प्रॉपोफॉलसारखं औषध शिरेतून गेलं की साधारण मिनिटाच्या आत श्वास मंदावतो, थांबतो. त्यापाठोपाठ स्नायू सैल करणारं औषध जातं, जबडा आणि स्वरयंत्र ढिलं पडतं, आणि मग घशातून श्वासनलिकेत नळी घालता येते. श्वास थांबल्यापासून नळी जाऊन यंत्र सुरू होईपर्यंतचा जो काळ आहे, त्याला आम्ही भूलतज्ज्ञ सर्वांत जास्त मान देतो.

त्या काळात शरीर कशावर जगतं? आपल्याकडे पाणी दिवसाआड येतं, मग बायका काय करतात? नळ जायच्या आत हंडे, कळशा, पिंप सगळं भरून घेतात. फुफ्फुस हा तसाच हंडा आहे. आपण नेहमीसारखा श्वास सोडतो, तेव्हाही मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात दोन-अडीच लिटर हवा उरते. पण त्या हवेत मोठा वाटा नायट्रोजनचा, त्याचा शरीराला काही उपयोग नाही. ऑक्सिजन जेमतेम तीन-चारशे मिलिलिटर. शरीराचा खर्च मिनिटाला सुमारे अडीचशे. म्हणजे साध्या हवेवर असताना श्वास थांबला, तर मिनिटा-दीड मिनिटात घरातलं पाणी संपायला लागतं. तेच आधी तीन मिनिटं घट्ट मास्कमधून निव्वळ ऑक्सिजन घेतला, तर नायट्रोजन धुतला जातो आणि त्याच हंड्यात दोन लिटरच्या आसपास ऑक्सिजन भरतो. धडधाकट, सडपातळ माणसाला मग सात-आठ मिनिटंसुद्धा मिळू शकतात. तेवढ्यात नळी एकदा काय, तीनदा घालून होते.

तुमच्या आईचा हिशोब वेगळा आहे. उताणं झोपवलं की पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो, तो वर सरकतो आणि हंडाच लहान होतो. शिवाय 94 किलोच्या देहाला ऑक्सिजन जास्त लागतो. भांडं लहान आणि घरात माणसं जास्त, अशी गत. अशा बांध्याच्या माणसाला सगळं नीट भरून घेतलं तरी अडीच-तीन मिनिटंच हाताशी असतात. त्यात घोरणं. घोरणं म्हणजे झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडून वाट अरुंद होणं. भुलीत ते सैलपण पूर्ण होतं, त्यामुळे मास्क धरून त्याला जोडलेला ऑक्सिजनचा फुगा दाबला तरी हवा आत जायला कष्ट पडतात. आणि तिने मास्क ढकलला होता, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे मागच्या वेळी हंडा अर्धाच भरलेला असावा आणि नळ गेला. नळी पहिल्या खेपेला गेली नाही, आकडा उतरला. मग त्या डॉक्टरने नळीचा नाद सोडला, पुन्हा मास्क धरला, ऑक्सिजन वर आणला आणि त्यानंतर दुसरा प्रयत्न केला.

हा क्रम बरोबर होता. तयारीत आणखी काही करता आलं असतं का? कदाचित. पण अडचण आल्यावर त्याने जे केलं ते अगदी योग्य केलं. असं मी ठामपणे का म्हणते, त्यासाठी एक गोष्ट सांगते. ऑपरेशनच्या तोंडावर ती सांगू की नको, असं क्षणभर वाटलं, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. 2005 साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली नावाच्या 37 वर्षांच्या बाईंना सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली. श्वासाची वाट मिळेना. अनुभवी डॉक्टर हजर होते, पण सगळे नळी घालण्याच्या प्रयत्नात गुंतून पडले. ऑक्सिजन बराच वेळ खूप खाली राहिला आणि काही दिवसांनी त्या गेल्या. त्यांचे पती मार्टिन विमानाचे पायलट. अपघात झाला की विमानक्षेत्रात कुणाला फासावर द्यायचं ते पाहत नाहीत, काय घडलं ते शोधतात. इथेही तसंच व्हावं, असा आग्रह त्यांनी धरला. त्या चौकशीतून जगभरच्या आम्हा भूलतज्ज्ञांनी जे घोकलं ते असं, की पेशंट नळीवाचून मरत नाही, ऑक्सिजनवाचून मरतो. तुमच्या आईच्या डॉक्टरला हे नेमक्या वेळी आठवलं.

माझ्याही हातून हे झालंय. सुरुवातीच्या वर्षांत, एका लहान हॉस्पिटलमध्ये, हर्नियासाठी आलेले एक जाडजूड गृहस्थ होते. सर्जन हात धुऊन उभे, बाहेर अजून तीन केसेस. मी मास्क धरला, पण नुसता टेकवलेला, तोही अर्धा मिनिट, आणि इंजेक्शन दिलं. ऑक्सिमीटरचा आवाज ऐकला असेल तुम्ही, टुक् टुक् करतो. आकडा उतरू लागला की त्याचा सूरही उतरत जातो, वरच्या पट्टीतून खाली. पडद्याकडे पाहावं लागत नाही, तो खालचा सूर थेट पोटात जातो. मी लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघून नळी घालायचं दिव्याचं उपकरण, बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरून जबडा वर उचलला आणि सिस्टरना फुगा दाबायला सांगितलं. सूर वर चढायला मिनिटभर लागला असेल, मला तो तासाएवढा वाटला. बोटावरचा आकडा मुळात अर्धा-एक मिनिट उशिरानेच कळतो. फुफ्फुसात ऑक्सिजन पोहोचला तरी तिथलं रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतो, त्यामुळे तो आणखी थोडा खाली जाऊन मगच चढतो. गृहस्थ सुखरूप घरी गेले. तेव्हापासून मी मास्क लावला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. सर्जन कितीही मोठा असो, तीन मिनिटं झाल्याशिवाय सिरिंजला हात लावत नाही.

म्हणून, ताई, "आधी इंजेक्शन, मग मास्क" हे तुमच्या आईच्या बाबतीत मी करणार नाही, आणि कुणी करतो म्हणाला तर तुम्ही तयार होऊ नका. नळ गेल्यावर हंडा भरायला बसण्यासारखं आहे ते. पण तिचं गुदमरणं खोटं नाही. अंगावर पांघरूण, वर दिवे, अनोळखी माणसं, आणि डोक्यामागून कुणीतरी न सांगता तोंडावर रबर दाबतं. कुणीही ढकलेल.

मी काय करते ते सांगते. मास्क पेशंटच्याच हातात देते. माझा हात वर टेकवण्यापुरता. दोन वर्षांपूर्वी पंढरपूरकडच्या एक आजी होत्या, अशाच घाबरलेल्या. त्यांना म्हटलं, आजी, हा तुमच्या हातात, नको वाटलं की काढा, पण काढायच्या आधी मला सांगा. त्यांनी दोन्ही हातांनी तो नाकातोंडावर धरला, डोळे मिटले आणि नाव घ्यायला लागल्या. प्रत्येक 'विठ्ठल' बरोबर मास्कच्या आतून वाफ धरायची आणि श्वास आत घेतला की निवळायची. यंत्राचा फुगा त्याच लयीत आकसायचा, फुगायचा. तो फुगा हलतो आहे म्हणजे मास्क कुठे फटत नाही, हे मला कळतं. कडेला बोटभर फट राहिली तरी बाहेरची हवा आत जाते आणि मेहनत वाया. आमच्या मॉनिटरवर बाहेर पडणाऱ्या श्वासातला ऑक्सिजन दिसतो, तो 90च्या जवळ गेला की हंडा भरला. आजींचा तो अडीच मिनिटांतच 88 झाला होता, पण मी तीन पुरी केली.

तुमच्या आईचा सराव घरीच करून घ्या. घरी वाफेचा किंवा नेब्युलायझरचा मास्क असेल तर तो, नसेल तर तिचीच ओंजळ नाकातोंडावर. तिच्याजवळ बसा, घड्याळ लावा, तीन मिनिटं संथ श्वास. दिवसातून दोनदा, ऑपरेशनपर्यंत रोज. तीन मिनिटं म्हणजे किती, हे एकदा अंगवळणी पडलं की भीती निम्मी होते. अगदीच जमलं नाही तर आठ खोल, छातीभर श्वास एका मिनिटात, असाही एक मार्ग आहे. तो भूलतज्ज्ञ ठरवतील. आणि तिला आधीच सांगून ठेवा, की मास्कमधून भूल येत नाही, नुसता ऑक्सिजन येतो. पुष्कळांना वाटतं मास्क लावला की संपलं, म्हणून ते श्वास रोखून धरतात.

नवीन भूलतज्ज्ञांना चिठ्ठी दाखवायची, यात दुमत नको. मिस्टरांना सांगा, पुण्याला पाठवलं तर ते घाबरून नव्हे, विचार करून पाठवलेलं असेल. पण बहुधा गरज पडणार नाही. आधी माहीत असलेली अडचण निम्मी सुटलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ऑपरेशनसाठी एक तपासयादी काढली. ती तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व अतुल गावंडे यांच्याकडे होतं. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्या यादीत भूल देण्याआधी विचारायच्या मोजक्या प्रश्नांत दोन असे आहेत: ऑक्सिमीटर लावलाय का आणि चालू आहे का, आणि या पेशंटची श्वासाची वाट अवघड आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फाईलमध्ये अकरा वर्षं पडून आहे.

चिठ्ठी वाचल्यावर चांगला भूलतज्ज्ञ काय तयारी करेल, तेही माहीत असू द्या, म्हणजे विचारताना संकोच वाटणार नाही. आईला तो सपाट झोपवणार नाही. पाठीखाली-खांद्याखाली चादरींची उतरण करून, कानाची पाळी आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका रेषेत येईल असं डोकं उंच ठेवेल. साधी गोष्ट, पैसे शून्य. मेलबर्नमध्ये अतिलठ्ठ पेशंटांवर केलेला एक अभ्यास 2005 साली छापून आला होता. नुसतं 25 अंश डोकं वर ठेवून ऑक्सिजन दिला, तर आकडा उतरायला सरासरी पाऊण मिनिट जास्त मिळालं. तीन मिनिटांच्या हिशोबात पाऊण मिनिट म्हणजे फार झालं.

दुसरं, नाकात नळकांडी लावून श्वास थांबल्यावरही ऑक्सिजन चालू ठेवेल. छाती हलत नाही, मग तो आत कसा जाणार, असं वाटेल. पण रक्त फुफ्फुसातून ऑक्सिजन ओढतच राहतं आणि त्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड फार थोडा परत येतो. त्यामुळे आत किंचित पोकळी होते आणि वरचा ऑक्सिजन आपोआप खाली ओढला जातो, घशाची वाट उघडी ठेवली तर. भरलेल्या हंड्यावर बारीक धार चालू ठेवल्यासारखं. आईच्या त्या ऑपरेशननंतर, 2016 साली, ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने आपल्या देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नळी घालताना नाकातून मिनिटाला 15 लिटर ऑक्सिजन चालू ठेवायला सांगितलंय, आणि सॅच्युरेशन 95 किंवा वर असेल तरच पुढचा प्रयत्न करावा, असंही म्हटलंय. तेव्हा अनेक ठिकाणी नसलेला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे कॅमेरा बसवलेला, आता तालुक्याच्या हॉस्पिटलांतही दिसतो. तो तुमच्या हॉस्पिटलमध्ये आहे का, आणि मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ बोलावता येईल का, हे दोन प्रश्न जरूर विचारा. कुणी चिडलं तर तो डॉक्टर बदला, मी लिहून देते.

कमरेतल्या इंजेक्शनचं थोडक्यात सांगते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात, तो छातीचा पडदा आणखी वर ढकलतो. आईच्या बांध्याला त्या स्थितीत स्वतःच्या श्वासावर तासभर ठेवणं मला पटत नाही. आणि मध्येच जमेनासं झालं, तर घाईत पूर्ण भूल द्यावी लागते. त्यापेक्षा सगळी तयारी करून, शांतपणे, सुरुवातीलाच नळी बरी.

घोरण्याची मात्र आधी तपासणी करा. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबतो का, दचकून उठते का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का, ते आठवडाभर बघून लिहून ठेवा आणि भूलपूर्व तपासणीला घेऊन जा. गरज वाटली तर झोपेची चाचणी सांगतील. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवणारं) लागलंच, तर ते ऑपरेशनच्या दिवशी बरोबर न्यायचं, कारण भूल उतरतानाही हाच धोका असतो. नळी काढल्यावर तिला उशा लावून बसतं ठेवावं आणि पहिली रात्र ऑक्सिमीटर लावून नजरेखाली ठेवावं, हे आधीच बोलून घ्या.

उपाशी राहण्याच्या बाबतीत आईची दया येऊन फसू नका. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि दुधाचा चहा हा पाण्यात धरत नाहीत, तो सहा तासांच्या हिशोबात. याचाही ऑक्सिजनशी संबंध आहे. पोट भरलेलं असेल तर अन्न वर येऊन फुफ्फुसात जाण्याची भीती असते, त्यामुळे मास्कने मोकळेपणाने फुगा दाबता येत नाही. मागच्या वेळी ज्याने तिला वाचवलं, तोच मार्ग अरुंद होतो.

मिश्री लावत असेल, तंबाखू किंवा सुपारी खात असेल तर लाजू नका, सांगा. तोंडात तिची तीन बोटं उभी जातात का, ते आजच बघा. जात नसतील तर हेही डॉक्टरांना आधी कळायला हवं. हलणारा दात असेल तर दाखवा. कवळी असेल तर घरीच काढून ठेवू नका, डबीत घालून बरोबर न्या. कधी कधी मास्क नीट बसण्यासाठी आम्हीच ती शेवटपर्यंत ठेवायला सांगतो. नथ किंवा चमकी असेल तर आदल्या दिवशी सोनाराकडून सैल करून घ्या, आयत्या वेळी निघत नाही आणि मास्क तिथेच फटतो. बोटांच्या टोकांना गडद मेंदी किंवा नेलपॉलिश नको.

आणि ऑपरेशन झाल्यावर नवीन भूलतज्ज्ञांनाही तशीच चिठ्ठी मागा: कुठलं यंत्र वापरलं, कितव्या प्रयत्नात नळी गेली, आकडा किती खाली गेला. ती जुन्या चिठ्ठीच्या मागे लावून ठेवा. मूळ प्रत घरी, झेरॉक्स हॉस्पिटलला.